नकाशा कुणाच्या हातात आहे? : ‘द गुड, द बॅड, द वीअर्ड’

अप्पांना आता कमी ऐकू येतं. सबटायटल्सची पहिली ओळ वाचून होईपर्यंत तिसरी आलेली असते, त्यामुळे परभाषेतले चित्रपट आम्ही एकत्र पाहणं सोडूनच दिलं होतं. मागच्या महिन्यात ‘द गुड, द बॅड, द वीअर्ड’ मी तिसऱ्यांदा लावला तेव्हा ते शेजारी येऊन बसले. दुसरं काही लावावं म्हणून मी रिमोट उचलला, तर म्हणाले, “राहू दे गं, घोडे आहेत ना यात.” दोन तासांहून मोठा तो कोरियन चित्रपट त्यांनी जवळजवळ एकाही ओळीचा अर्थ न विचारता शेवटपर्यंत पाहिला. कोण कुणाच्या मागे लागलंय, कुणाला काय हवंय, कोण कुणाला गुंगारा देणार, सगळं त्यांना कळत होतं. मधे एकदाच त्यांनी मला विचारलं, “काय म्हणतोय तो?” त्या जागेबद्दल पुढे लिहीनच, कारण या चित्रपटावरची माझी सगळ्यात मोठी तक्रारही तिथेच आहे.

चित्रपट २००८ चा, दिग्दर्शक किम जी-वून. त्या वर्षी मे महिन्यात तो कान महोत्सवात स्पर्धेबाहेर दाखवला गेला, जुलैत दक्षिण कोरियात लागला आणि तिथे ६६ लाखांहून अधिक लोकांनी तो तिकीट काढून पाहिला. इंग्रजी नाव वाचलं की इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेचा १९६६ चा ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ आठवतोच. हे ऋण किम जी-वून लपवत नाही, नावातच कबूल करतो. मला मात्र कोरियन नाव जास्त आवडतं. ‘चोउन नोम, नाप्पुन नोम, ईसांगहान नोम’. यातला ‘नोम’ म्हणजे माणूसच, पण सभ्य बोलण्यातला नव्हे. आपण ‘लेकाचा’ म्हणतो ना, कधी शिवी म्हणून, कधी लाडानं, तसा. चांगला लेकाचा, वाईट लेकाचा, विचित्र लेकाचा. कोरियन प्रेक्षक या चित्रपटाला नुसतं ‘नोम नोम नोम’ म्हणतात. चित्रपट आपल्या तिन्ही नायकांकडे ज्या नजरेनं पाहतो, ती त्या एका शब्दात सगळी येते.

गोष्ट सांगायची तर तीन-चार वाक्यांत संपते. १९३० च्या दशकातला मांचुरिया, म्हणजे चीनचा ईशान्य भाग. एक खजिन्याचा नकाशा रेल्वेनं चाललाय. तो ज्यानं जपानी माणसाला विकला त्यानंच तो परत लुटून आणायला एक गुंड नेमलाय, तो चांग-ई, म्हणजे वाईट. पण गुंड पोचायच्या आत ते-गू नावाचा एक भुरटा दरोडेखोर त्याच गाडीत आपली लूट करायला चढलेला असतो आणि नकाशा त्याच्या हाती लागतो. हा विचित्र. तिसरा दो-वोन, इनाम असलेल्या गुन्हेगारांना पकडून पोट भरणारा नेमबाज. हा चांगला. पुढे नकाशाच्या मागे हे तिघं, चोरीच्या मालाच्या बाजारातली एक बहुदेशी टोळी आणि जपानी लष्कर. बस, एवढंच.

“दिसायला देखणा, पण गोष्ट काहीच नाही” असं या चित्रपटाबद्दल मी पुष्कळांकडून ऐकलंय. गोष्ट पातळ आहे, ते मलाही मान्य. पण मी चौदा वर्षं लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते, आणि ‘नुसतं देखणं’ म्हणजे काय ते रोज टेबलावर पाहते. तीन कॅमेरे, एक वरात, अंधार, दिव्यांची झगमग. शॉट एकेक करून पाहावे तर प्रत्येक सुंदर. पण दोन नंबरचा कॅमेरावाला रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला उभा राहिला असेल, तर एका शॉटमध्ये नवरदेव डावीकडून उजवीकडे चाललेला आणि पुढच्यात उजवीकडून डावीकडे. एकदा नवरदेवाच्या आत्यांनी फोन करून अगदी काळजीनं विचारलं होतं, “मधेच तो परत का फिरलाय?” तेव्हापासून कुठलाही पाठलाग पाहताना माझं लक्ष आधी तिकडे जातं. कोण पुढे, कोण मागे, अंतर किती, आडोसा कुठे. सुंदर शॉट घ्यायला चांगला कॅमेरामन लागतो, पण वीस सुंदर शॉट जोडल्यावर ती जागा पाहणाऱ्याच्या डोक्यात उभी राहायला त्याहून बरंच काही लागतं. या चित्रपटात ते आहे. संकलक नाम ना-यंग हिचं काम मी माझ्या टेबलावर थांबवत, मागे नेत, पुन्हा पाहिलंय, आणि मला त्यातून शिकायला मिळालंय.

सुरुवातीचा रेल्वेचा प्रसंग घ्या. रुळांवर काहीतरी मेलेलं पडलंय. आकाशातून एक शिकारी पक्षी खाली झेपावतो, ते उचलतो, आणि त्याच क्षणी इंजिन त्या जागेवरून धडधडत जातं. अख्ख्या चित्रपटाची गोष्ट या एका शॉटमध्ये सांगून झाली. भक्ष्य एक, झडप घालणारे अनेक, आणि जो क्षणभर उशीर करेल तो चाकाखाली. त्यानंतर ते-गू डब्याडब्यांतून खाण्याचे पदार्थ विकत चाललाय आणि कॅमेरा त्याच्या मागोमाग. गर्दी, बाकं, बोचकी, वेगवेगळ्या देशांचे चेहरे. पाहताना वाटतं, हा विक्रेता आहे आणि आपल्याला गाडी दाखवतोय. खरंच दाखवतोय, कारण थोड्याच वेळात याच डब्यांमध्ये गोळीबार होणार आहे आणि तेव्हा कुठला डबा कुठे आहे हे आपल्याला आधीच ठाऊक असणार आहे. घरात चोरी दाखवायची तर आधी घर दाखवा, हे साधं तत्त्व. पण फार थोडे दिग्दर्शक त्यासाठी एवढा निवांत वेळ देतात.

मग गाडी थांबते, चांग-ईचे घोडेस्वार येतात, दो-वोनही येतो. एकाच जागी तीन वेगळी भांडणं सुरू होतात. एकाला नकाशा हवाय, एकाला रोकड आणि सुटका, एकाला समोरच्याच्या डोक्यावरचं इनाम. इथे अप्पा पुढे सरकून बसले. थोड्या वेळानं बोट दाखवून म्हणाले, “हा कानटोपीवाला पळणार, बाकीचे दोघं एकमेकांत अडकतात.” तसंच झालं.

त्यांना हे कळलं त्यात कपड्यांचा मोठा वाटा आहे. तिघांपैकी कुणीही शंभर पावलांवर उभा असला तरी ओळखू येतो. ते-गूची कानांवर झुलणारी, वैमानिकासारखी टोपी आणि चष्मा, दोन्ही हातांत पिस्तुलं, बुडाखाली साइडकारची मोटरसायकल. दो-वोनचा लांब कोट, रुंद काठाची हॅट, रायफल, घोडा, म्हणजे सरळ अमेरिकन वेस्टर्नमधून, त्या घोडे-बंदुकांच्या चित्रपटांतून उचललेला. आणि चांग-ई काळ्या नेटक्या सुटात, एका डोळ्यावर आलेले केस, डोळ्यांत काजळ. एक विमानयुगातला, एक घोड्यांच्या युगातला, आणि तिसरा आजच्या एखाद्या बँडमध्ये गाणारा शोभेल असा. तीन काळ, तीन प्रकारचे चित्रपट, एकाच वाळवंटात. शैलींचं मिश्रण करायचं म्हणून कुणी संवादांत स्पष्टीकरणं देत बसलेलं नाही. शिंप्यानंच ते काम केलंय.

हे मिश्रण कुठून कुठे आलं, तो प्रवास मला फार मोलाचा वाटतो. लिओनेनं १९६४ मध्ये पहिला गाजलेला वेस्टर्न केला तो अकिरा कुरोसावाच्या १९६१ च्या सामुराईपटावरून. म्हणजे जपानी तलवार इटलीत जाऊन पिस्तूल झाली, आणि अमेरिकेतलं वाळवंट म्हणून दाखवलं गेलं ते स्पेनमधल्या अल्मेरियाचं. कोरियातही १९६० च्या दशकात मांचुरियात घडणारे घोडे-बंदुकांचे चित्रपट निघत होते. किम जी-वून त्या सगळ्याचा वारसदार. त्यानं मांचुरिया उभा केला तो चीनमधल्या डुनहुआंगच्या आसपास, गोबीच्या काठावर. मांचुरिया चीनच्या ईशान्येला, डुनहुआंग वायव्येला, मधे दोन हजार किलोमीटरांहून अधिक अंतर. भूगोलाच्या शिक्षकांना हे पटणार नाही. पण त्याला क्षितिजापर्यंत काहीही आडवं न येणारी जमीन हवी होती, जिथे धूळ उठली की पाच टोळ्या कुठून येतायत ते एका फ्रेममध्ये दिसेल. ती त्याला तिथे मिळाली.

अभिनयात साँग कांग-हो सगळ्यांच्या वर. ‘पॅरासाइट’मधला बाप म्हणून आता तो जगाला माहीत आहे, इथे त्याच्या अकरा वर्षं आधीचा. त्याचं धावणं पाहा. हात-पाय वेगवेगळ्या दिशांना जातात, पण नजर कायम बाहेर पडायच्या दाराकडे. गोळ्या चुकवताना तो शूर दिसायचा जराही प्रयत्न करत नाही, आणि म्हणूनच त्याच्या जिवाची भीती वाटते. ली ब्युंग-हुनचा चांग-ई म्हणजे दुखावलेला अहंकार. त्याला पैशापेक्षा आपण सगळ्यांत सरस आहोत हे ऐकायचंय. तो शांत उभा असतो तेव्हाही जबडा आवळलेला असतो. जुंग वू-संगचा दो-वोन दिसतो अतिशय रुबाबदार, पण लेखकानं त्याला काहीच दिलेलं नाही. तो कुठून आला, त्याला काय खुपतं, काही नाही. तिघांतला ‘चांगला’च सगळ्यांत पोकळ निघावा, हे मला खटकलं.

पहिल्या भागातला दुसरा मोठा प्रसंग भुतांच्या बाजारातला. चोरीचा माल विकणारी, लाकडी माड्यांची, एकावर एक रचलेली वस्ती. कलादिग्दर्शक चो ह्वा-सुंगनं ती अशी बांधलीय की प्रत्येक मजल्यावरून खालचा आणि वरचा मजला दिसतो. म्हणजे गोळी कुठूनही येऊ शकते. ते-गू जमिनीवर गल्ल्यांमधून पळतोय, आणि दो-वोन दोरीला लटकून, झोके घेत, वरच्यावर रायफल चालवतोय. एक उभा, एक आडवा. कॅमेरा दो-वोनबरोबर हवेतून जातो तेव्हा पोटात खड्डा पडतो. आणि याच धुमश्चक्रीत ते-गूच्या हाती पाणबुड्याचं जाडजूड लोखंडी शिरस्त्राण लागतं. ते डोक्यात घालून तो बाहेर येतो, गोळ्या त्यावर आपटून टण टण उडतात, आणि त्या गोल काचेतून त्याचे डोळे तेवढे दिसतात. अप्पा मोठ्यानं हसले. बऱ्याच दिवसांनी असं हसताना पाहिलं. त्या हसण्याला भाषेची गरज नव्हती.

ली मो-गेचं छायालेखन मातीच्या रंगांत राहतं, तपकिरी, गंजका, करडा, आणि त्यात मधेच एखादा झळझळीत तुकडा. कोरियातल्या ब्लू ड्रॅगन पुरस्कारांत त्या वर्षी दिग्दर्शनाबरोबर छायालेखनाचाही गौरव या चित्रपटाला मिळाला, आणि तो योग्य माणसाला गेला.

मधला भाग ढिला आहे. अफूचा अड्डा, कोण कुणाच्या वतीनं काम करतोय याचे खुलासे, टोळ्यांच्या आपसातल्या बैठका. इथे चित्रपट बोलायला लागतो आणि लगेच थकतो. अप्पा या भागात चहा करायला उठले, परत आले, आणि त्यांचं काही चुकलं नाही. बायका तर चित्रपटात जवळजवळ नाहीतच. ज्या आहेत त्यांच्याकडे करण्याजोगं काही नाही. मी हे सवयीनं तक्रार करायची म्हणून लिहीत नाहीये. एवढ्या गजबजलेल्या बाजारात, एवढ्या भरलेल्या रेल्वेत, एकाही बाईला बंदूक, लालसा किंवा पळून जायची घाई नसावी, यानं तो बाजारच थोडा खोटा वाटायला लागतो. हिंसेबद्दलही सांगून ठेवते. गोळीबार खेळकर आहे, पण सुरा निघाला की चित्रपट एकदम निष्ठुर होतो. बोटं छाटण्याचे प्रसंग आहेत. लहान मुलांना घेऊन बसू नये.

आता शेवटचा पाठलाग. यासाठीच मी हा चित्रपट पुन्हा पुन्हा लावते.

उघडं वाळवंट. ते-गू मोटरसायकलवर, नकाशा त्याच्याजवळ. त्याच्या मागे चांग-ईची माणसं, बाजारातली टोळी, आणि या सगळ्यांच्या मागून जपानी लष्कर, घोडदळ, मोटारी, तोफा. सगळे एकाच दिशेनं. घड्याळ लावून पाहिलेलं नाही, पण दहा मिनिटं तरी हे चालतं, आणि त्या दहा मिनिटांत संवाद म्हणावा असं काही नाही. मागे वाजतं ते ‘डोंट लेट मी बी मिसअंडरस्टूड’. गाणं मूळ नीना सिमोननं १९६४ मध्ये गायलेलं, संथ आणि दुखरं. १९७७ मध्ये सांता एस्मेराल्दा या गटानं त्याला टाळ्या, स्पॅनिश गिटार आणि डिस्कोचा ठेका देऊन नाचवलं. इथे त्या नाचत्या रूपाची धून आहे. डालपालान आणि चांग यंग-ग्यू यांनी चित्रपटाच्या संगीतात ती अशी बसवलीय की घोड्यांच्या टापा आणि टाळ्या कधी एक होतात ते कळत नाही. मी आवाज बंद करून हा भाग पाहिला, आणि चित्र बंद करून नुसता ऐकलाही. दोन्ही आपापल्या पायांवर उभे आहेत.

यात मांडणी कशी आहे ते सांगते. आधी कॅमेरा खूप वर जातो आणि सगळा मामला एकदा नकाशासारखा दाखवतो. मग तो खाली उतरतो, धुळीत शिरतो, आणि एकेका टोळीच्या आत जातो. आत गेल्यावर धांदल असते, माणसं पडतात, चाकं उलटतात. पण दर थोड्या वेळानं तो पुन्हा वर येतो आणि सांगतो, आता हे इथे, ते तिथे, अंतर एवढं उरलंय. श्वास घ्यायला जागा देऊन पुन्हा बुडी मारायला लावतो. माझ्या कामात याला काही नाव नाही, आम्ही नुसतं “वाइड टाक मधे” म्हणतो. तो वाइड कधी टाकायचा, यावर अख्खा पाठलाग तरतो किंवा बुडतो. एक सेकंद लवकर टाकला तर जोर गळतो, एक सेकंद उशिरा टाकला तर पाहणारा हरवतो. मी मोजून पाहायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला, कारण त्यात ठरावीक माप नाहीच. ज्या क्षणी माझ्या मनात “थांब, तो कुठे गेला?” हा प्रश्न उमटतो, बरोबर त्या क्षणी वाइड येतो. दर वेळी.

आणि मग दो-वोन. बाकी सगळे पुढे पळणाऱ्या ते-गूच्या मागे असताना हा एकटा जपानी घोळक्यात घुसतो. एका हातात लगाम. दुसऱ्या हातात रायफल, जी तो प्रत्येक गोळीनंतर त्याच हातानं गर्रकन फिरवून पुन्हा भरतो. घोडा भरधाव. कोट मागे उडतोय. चेहऱ्यावर काहीही भाव नाहीत. मी वर लिहिलंय की लेखकानं या माणसाला काही दिलेलं नाही. कॅमेऱ्यानं मात्र इथे त्याला सगळं दिलं. या दोन मिनिटांत तो कोण आहे हे मला कळतं. जो गर्दीत शिरल्यावर शांत होतो असा माणूस. हे कुठल्याही संवादातून मला इतकं पटलं नसतं. म्हणून ‘दृश्यं आहेत, गोष्ट नाही’ हे वाक्य मला अपुरं वाटतं. या चित्रपटात पात्रांचं जे काही खरं आहे ते त्यांच्या हालचालीत आहे. ते-गू पळण्यात, दो-वोन घुसण्यात, चांग-ई वाट पाहत उभा राहण्यात.

त्यामुळेच शेवट मला खुपतो. खजिन्याच्या जागी तिघं समोरासमोर येतात, त्रिकोणात, हात पिस्तुलांजवळ. अशा शेवटाची अपेक्षा नावातच होती आणि मांडणी उत्तम आहे. पण नेमक्या याच वेळी चित्रपटाला आठवतं की आपल्याकडे एक जुना हिशेब सांगायचा राहिलाय. भूतकाळातलं एक रहस्य उघड होतं, कोण खरा कोण होता हे कळतं. काय ते सांगत नाही, पहिल्यांदा पाहणाऱ्याचा रस जाईल. पण हे वजन फार उशिरा आणि तोंडी येतं. इतका वेळ डोळ्यांनी गोष्ट सांगणारा चित्रपट अचानक “बरं का, त्याचं असं झालं होतं” म्हणायला लागतो. साँग कांग-होचा चेहरा त्या क्षणी बदलतो आणि तो प्रसंग थोडा सावरतो. तरी तिथे हा चित्रपट स्वतःवरचा विश्वास घालवून बसतो, असं मला तिन्ही वेळा वाटलं.

पाहायचाच असेल तर मोबाइलवर पाहू नका, एवढी मनापासून विनंती. वाळवंटातले ते लांबचे शॉट सहा इंचांत मुंग्यांसारखे दिसतील आणि वर सांगितलेलं सगळं वाया जाईल. घरातला सगळ्यात मोठा पडदा, दिवे बंद, आवाज जरा जास्त. हिंदी-इंग्रजी डबिंगच्या मागे लागू नका. यात कोरियन, चिनी आणि जपानी अशा तिन्ही भाषा येतात. कोण कुठल्या भाषेत बोलतो, कुणाशी बोलताना भाषा बदलतो, हे कानावर पडायला हवं. जपाननं १९१० मध्ये कोरिया घशात घातला आणि १९३२ मध्ये मांचुरियात स्वतःच्या ताटाखालचं सरकार बसवलं. या माणसांच्या पायाखाली स्वतःची म्हणावी अशी जमीनच नाही. ते कोरियन आहेत, चीनच्या मातीवर आहेत आणि हुकूम जपान्यांचा. चित्रपट हे कुठेही भाषण ठोकून सांगत नाही. भाषांच्या सरमिसळीतून ते जाणवतं.

आणि एका रात्रीच्या प्रसंगातून. हाच तो, जिथे अप्पांनी मला विचारलं.

दो-वोननं ते-गूला पकडलंय, आणि दोघं रात्री उघड्यावर थांबलेत. धावपळ नाही, बंदूक नाही, कॅमेराही स्थिर. खजिना मिळाला तर काय करशील, असा विषय निघतो. इतका वेळ अप्पा हालचालींवरून सगळं ओळखत होते. इथे हालचालच नव्हती, फक्त ते-गूचा चेहरा होता, आणि तो चेहरा एकाएकी थकलेल्या, घराची आठवण आलेल्या माणसाचा झाला होता. अप्पांनी माझ्या हातावर हात ठेवला. “काय म्हणतोय तो?”

मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, “म्हणतोय, जमीन घ्यायची. घर बांधायचं. गुरंढोरं पाळायची.”

ते काही बोलले नाहीत. मान हलवली आणि पुन्हा पडद्याकडे बघायला लागले. देश गेलेला माणूस स्वतःच्या नावावरचा एक जमिनीचा तुकडा मागतोय, याहून मोठं काही या चित्रपटात नाही. मला वाटत होतं, पुढे कुठेतरी हे परत येईल. पाठलागात तो जी जमीन तुडवत पळतो तिच्याकडे तो एकदा तरी वेगळ्या नजरेनं पाहील, किंवा शेवटी खजिन्याच्या जागी उभा असताना त्याला हे आठवेल. एक शॉट पुरला असता, आणि असा शॉट घेणारा माणूस किम जी-वूनच आहे. त्याच्या हातात हा धागा होता. तो त्यानं रात्रीच्या त्या शेकोटीपाशीच सोडून दिला.

चित्रपट संपला, कोरियन अक्षरांत नावं वर सरकायला लागली. मी दिवा लावायला उठले. अप्पा अजून पडद्याकडेच बघत होते.

“मग घेतली का त्याने जमीन?” त्यांनी विचारलं.